मसाई माराचे रान आणि आमची शेळी



वन्यजीव सप्ताहाच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्यावर पाठ लिहायचा. मला मोर हवा होता. मोर आमच्या शेतात रोज येतो, त्यामुळे न वाचताही लिहिता आला असता. पण मला चिठ्ठी आली 'आफ्रिकेतील गवताळ रान'. मी हिरमुसले. गुरुजी म्हणाले, "अगं, मोर तर सगळ्यांना ठाऊक आहे. तू आम्हाला नवीन काहीतरी सांग." मग त्यांनी ग्रंथपेटीतून एक पुस्तक काढून दिले आणि वर्तमानपत्रातली कात्रणेही दिली. ती वाचून मी हा पाठ लिहिला आहे. पाठ लिहीत असताना आमच्या घरी एक गोष्ट घडली, तीही यात लिहिली आहे.

ठिकाण

आफ्रिका खंडाच्या पूर्वेला केनिया नावाचा देश आहे. आपल्या मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून विमानाने गेले की सहा-सात तासांत त्या देशाची राजधानी नैरोबी येते. केनियाच्या नैर्ऋत्येला 'मसाई मारा' हे राखीव रान आहे. ते १९६१ साली राखले गेले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. त्याला लागूनच दक्षिणेला टांझानिया देशातले 'सेरेंगेटी' राष्ट्रीय उद्यान आहे. ते माराच्या जवळजवळ दहापट मोठे आहे. दोन्हींच्या मधे देशाची हद्द आहे, पण तारेचे कुंपण नाही. जनावरांना हद्द कळत नाही, ती इकडून तिकडे जातात.

तिथले लोक मसाई. ते गाई-मेंढ्या पाळतात. त्यांच्या मा भाषेत 'मारा' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे. उंचावरून पाहिले तर पिवळ्या गवतात झाडेझुडपे ठिपक्यांसारखी दिसतात, म्हणून हे नाव पडले. वरच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या चित्रात मी ते ठिपके काढले आहेत. ते शाईचे डाग नाहीत.

हवा आणि पाऊस

विषुववृत्त केनियातूनच जाते. त्यामुळे तिथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखीच असते. तरी मारा उंचावर असल्यामुळे तिथे फार उकडत नाही, पहाटे तर थंडी वाजते. आपल्याकडे पावसाळा एकदाच येतो, तिथे दोनदा येतो. मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. मधल्या महिन्यांत गवत वाळते.

त्या रानात सगळे गवतावर चालते. गवत आहे म्हणून हरणे आहेत, हरणे आहेत म्हणून सिंह आहेत, आणि सिंह टाकून देतो म्हणून तरस, कोल्हे नि गिधाडे आहेत. आजी म्हणाली, "म्हंजे आपल्यासारखंच की. पाऊस पडला तर वैरण, वैरण असली तर दूध."

चालत्या जनावरांची वारी

तिथला सगळ्यात नवलाचा प्राणी म्हणजे विल्डबीस्ट. त्याला 'नू' असेही म्हणतात. तोंड लांबोडके, शिंगे म्हशीसारखी, आयाळ घोड्यासारखी आणि दाढी बोकडासारखी! पण तो म्हैसही नाही, घोडाही नाही आणि बोकडही नाही. तो एका जातीचा कुरंग आहे.

हे प्राणी एका जागी राहत नाहीत. पाऊस जिथे पडेल तिथे गवत उगवते आणि ते गवताच्या मागे चालतात. वर्षाच्या सुरुवातीला ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे, त्यामुळे गवत आखूड पण कसदार असते. तिथेच फेब्रुवारीच्या सुमारास त्यांची पिल्ले होतात. दोन-तीन आठवड्यांतच लाखो पिल्ले जन्मतात. सगळी एकदम का होतात? कारण सिंह आणि तरस खाऊन खाऊन किती खाणार? पिल्ले थोडी थोडी जन्मली असती तर सगळीच खाल्ली गेली असती. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच मिनिटांत उभे राहते आणि आईमागे पळू लागते. आमच्या गाईचे वासरू उभे राहायला याहून जास्त वेळ लागला होता.

मग पाऊस सरला की ते उत्तरेकडे निघतात आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास माराला पोचतात. बरोबर झेब्रे आणि हरणेही असतात. ऑक्टोबरनंतर पुन्हा दक्षिणेला. ही फेरी कित्येक शे किलोमीटरची होते. गुरुजी म्हणाले, "ही जनावरांची वारीच आहे." फक्त या वारीत पालखी नाही आणि मुक्कामाला जेवणही नाही.

वाटेत मारा नदी येते. ही नदी माऊच्या डोंगरातल्या जंगलातून निघते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. नदीत मोठमोठ्या मगरी असतात. हजारो विल्डबीस्ट काठावर उभे राहतात, पुढे कोणी जात नाही. मग एक उडी मारतो आणि त्याच्यामागे सगळे. काही मगरी धरतात, काही चेंगरतात, काही वाहून जातात. पण ती मेलेली जनावरेही वाया जात नाहीत. मासे, मगरी, गिधाडे त्यावर जगतात.

विल्डबीस्ट किती असतील? विमानातून घेतलेल्या फोटोंवरून ते तेरा लाखांच्या आसपास आहेत, असा अंदाज बरीच वर्षे सांगितला जात होता. पण २०२५ मध्ये उपग्रहाचे फोटो संगणकाने मोजले, तेव्हा सहा लाखांपेक्षा कमी दिसले.  चालती जनावरे मोजणे सोपे नाही. आमच्या आठ शेळ्यासुद्धा मी मोजते तेव्हा कधी सात होतात कधी नऊ.

आणखी एक गंमत. झेब्रा, विल्डबीस्ट आणि थॉमसनचे हरीण हे एकाच रानात चरतात, पण भांडत नाहीत. झेब्रा आधी उंच, जाड काड्या खातो. मग विल्डबीस्ट मधली पाने खातो. मग खालून कोवळे गवत फुटते ते छोटे हरीण खाते. एकाच ताटात तिघे जेवतात आणि तिघांचेही पोट भरते.

बुळकांडीची गोष्ट

हे मी आजीला वाचून दाखवत होते तेव्हा 'बुळकांडी' हा शब्द आला आणि आजी एकदम उठून बसली. तिच्या लहानपणी आमच्या गावात गुरांना बुळकांडी झाली होती. तोंडात फोड, नाकातून पाणी, हगवण, आणि चार-सहा दिवसांत बैल खलास. तिच्या वडिलांची बैलजोडी त्यातच गेली.

हाच रोग १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत पोचला होता. मसाई लोकांची गुरे पटापटा मेली आणि माणसे उपाशी मेली. गुरांचा रोग रानातल्या विल्डबीस्ट आणि रानम्हशींनाही झाला. पुढे कित्येक वर्षे त्यांची पिल्ले त्या रोगाने मरत होती. नंतर रानाभोवतीच्या गाईंना लस टोचली. लस टोचली गाईंना, पण वाचले विल्डबीस्ट! १९६१ मध्ये ते अडीच लाखांच्या आसपास होते, आणि १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या आसपास झाले. २०११ मध्ये बुळकांडी साऱ्या जगातून गेली असे जाहीर झाले.

यावरून मला कळले, की गोठा आणि रान वेगळे नाहीत. गोठ्यातले रानात जाते आणि रानातले गोठ्यात येते.

मोठी जनावरे

हत्ती – आफ्रिकेतला हत्ती आपल्या हत्तीपेक्षा मोठा. त्याचे कान सुपाहूनही मोठे, घडवंचीवरच्या वाकळेएवढे. आपल्याकडे मोठे सुळे नराला असतात, तिथे मादीलाही असतात. आपल्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला एक बोटासारखा भाग असतो, त्याच्या सोंडेला दोन. हत्तीचे पिल्लू आईच्या पोटात २२ महिने असते.

जिराफ – उंची १६ ते १८ फूट. म्हणजे आमच्या शाळेच्या पत्र्यावरून तो आत डोकावेल. एवढी लांब मान असूनही मानेत मणके सातच, आपल्याएवढेच. फक्त एकेक मणका लांब. जीभ हातभर लांब असते. तिने तो बाभळीसारख्या काटेरी झाडाची पाने काटे चुकवून ओढतो.

पाणघोडा – दिवसभर पाण्यात बसतो आणि रात्री बाहेर येऊन गवत खातो. दिसायला आळशी, पण रागावला तर होडीही उलटवतो.

गेंडा – माराला काळा गेंडा आहे. त्याला दोन शिंगे असतात. आपल्या आसामच्या गेंड्याला एकच शिंग असते. शिंगासाठी लोकांनी त्याला मारले, म्हणून आता तो फार थोडा उरला आहे आणि त्याच्यावर पहारा असतो.

शेणकिडे – हे मोठी जनावरे नाहीत, पण यांच्याशिवाय चालत नाही. एवढ्या लाखो जनावरांचे शेण कोण काढणार? शेणकिडे त्याचे गोळे करून ढकलत नेतात आणि मातीत पुरतात. जमिनीला खत मिळते. आपल्या शेतातही हे किडे असतात. मी त्यांना काडीने टोचायचे. आता टोचत नाही.

शिकारी जनावरे

सिंह कळपाने राहतो. शिकार जास्त करून सिंहिणी करतात. सिंह दिवसातले बरेचसे तास झोपतो, पण रात्री त्याची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. तिथल्या स्वाहिली भाषेत सिंहाला 'सिंबा' म्हणतात. झेब्र्याला 'पुंडा मिलिया' म्हणतात, म्हणजे पट्ट्यांचे गाढव!

चित्ता सगळ्यात वेगाने पळतो, पण थोडाच वेळ. मग त्याला धाप लागते आणि तेवढ्यात तरस येऊन त्याची शिकार हिसकावतात. आपल्या देशातले चित्ते संपले होते. म्हणून २०२२ मध्ये नामिबियाहून आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या रानात ठेवले.

बिबट्या शिकार उचलून झाडावर नेतो. आफ्रिकेतला बिबट्या आणि आपल्या उसातला बिबट्या एकाच जातीचे आहेत. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून दार लावले आहे का ते पाहून आले.

तरसाला सगळे वाईट म्हणतात. पण तरस हाडेसुद्धा चावून खातो. त्याच्या पोटात हाडांचा चुना जातो, म्हणून त्याची विष्ठा पांढरी असते. तरसांच्या टोळीत मादी मुख्य असते.

पक्षी

माराला साडेचारशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत. सगळे लिहिले तर भिंत पुरणार नाही. म्हणून थोडेच लिहिते.

शहामृग – जगातला सगळ्यात मोठा पक्षी. उंची नऊ फुटांपर्यंत. उडता येत नाही, पण तासाला ७० किलोमीटर वेगाने पळतो. त्याच्या एका अंड्यात कोंबडीची सुमारे २४ अंडी मावतील. पायाला बोटे दोनच.

सेक्रेटरी पक्षी – लांब पायांचा शिकारी पक्षी. डोक्यामागे पिसे अशी, की कारकुनाने कानावर लेखण्या खोचल्या आहेत. गवतात चालत चालत सापाला लाथा मारून मारतो.

कोरी बस्टर्ड – उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. आपल्या माळढोकाचा हा भाऊबंद. माळढोकासाठी आपल्या सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य केले आहे, पण आता माळढोक फारच थोडे उरले आहेत. माळ नांगरले, विजेच्या तारा आल्या, मग तो राहणार कुठे?

ऑक्सपेकर – हा छोटा पक्षी रानम्हशी, जिराफ, गेंडा यांच्या अंगावर बसून गोचिडी खातो. संकट आले की ओरडतो. गेंड्याला नीट दिसत नाही, म्हणून स्वाहिलीत या पक्ष्याला 'गेंड्याचा पहारेकरी' म्हणतात. पण हा पक्षी कधी कधी जनावराची जखम टोचून रक्तही पितो.

ओळखीचे पक्षी – आपला गायबगळा तिथेही आहे. इथे तो म्हशीमागे चालतो, तिथे हत्तीमागे. जनावर चालले की गवतातले किडे उडतात, ते तो टिपतो. सुगरणीचे भाऊबंद तिथल्या काटेरी झाडांना घरटी टांगतात. आपल्या नीलपंखाचा भाऊबंद जांभळ्या छातीचा आहे आणि फारच देखणा आहे.

आणि चातक! आपल्याकडे मृगाच्या आधी 'पिऊ पिऊ' ओरडत येणारा काळा-पांढरा, तुरेवाला चातक आफ्रिकेतून येतो. पावसाच्या वाऱ्याबरोबर तो समुद्र ओलांडतो. इथे तो सातभाईच्या घरट्यात अंडे घालतो आणि पाऊस संपला की परत जातो. अमूर ससाणा त्याच्याही पुढचा. तो चीन-रशियाकडून निघून, ईशान्य भारतात थांबून, मग अरबी समुद्र पार करून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. मणिपूर नि नागालँडमध्ये काही ससाण्यांच्या पाठीवर छोटे यंत्र बसवले होते, त्यावरून ही वाट नक्की कळली. म्हणजे आपण आफ्रिका पाहिली नसली, तरी आफ्रिका पाहिलेले पक्षी आपल्या डोक्यावरून जातात.

गिधाडे

हा भाग मी सगळ्यात शेवटी लिहिला, कारण मला गिधाडे आवडत नव्हती. आता आवडतात.

माराला गिधाडांच्या बऱ्याच जाती आहेत आणि त्यांची कामे वाटलेली आहेत. लॅपेट नावाचे सगळ्यात मोठे गिधाड चोचीने जाड कातडी फाडते. मग पांढऱ्या पाठीचे आणि रुपेलचे गिधाड लांब मान आत घालून मांस खाते. मानेवर पिसे नसतात, म्हणून रक्त चिकटत नाही. शेवटी टोपीवाले छोटे गिधाड हाडांना चिकटलेले तुकडे टोचून खाते. मोठे जनावरसुद्धा थोड्या वेळात साफ होते. त्यांच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते, की रोगाचे जंतूही मरतात. म्हणजे रानातले सफाई खाते तेच आहे, आणि पगार नाही.

रुपेलचे गिधाड फार उंच उडते. १९७३ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एक गिधाड विमानाला धडकले, तेव्हा विमान ३७,००० फुटांवर होते. एव्हरेस्टची उंची २९,००० फुटांहून थोडी जास्त आहे.

आजी म्हणते, पूर्वी आमच्या गावच्या ओढ्याकाठी मेलेले ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरायची. पन्नास-पन्नास असायची. मी एकही पाहिले नाही. ती कुठे गेली? आजारी गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत असत. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड बिघडून ते मरायचे. थोड्याच वर्षांत आपल्या देशातली शंभरातली नव्वदहून जास्त गिधाडे गेली. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बनवायला बंदी झाली.

आफ्रिकेत कारण वेगळे आहे. तिथे विष आहे. सिंहाने गाय मारली की गुराखी रागावतो आणि उरलेल्या गाईवर पिकाचे विषारी औषध घालतो. सिंह परत येतो, खातो आणि मरतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. तेच मांस तरस खातो, कोल्हा खातो आणि आभाळातून गिधाडे येतात. एका गिधाडाला उतरताना पाहून दुसरे येते, त्याला पाहून तिसरे. म्हणून एका विषारी जनावरावर शेकडो गिधाडे मरू शकतात. डिसेंबर २०१५ मध्ये माराला 'मार्श' नावाच्या कळपातल्या सिंहांना असेच विष झाले. त्या कळपावर चित्रपट निघाले होते. त्यातली बीबी नावाची म्हातारी सिंहीण मेली. २०१९ मध्ये बोत्सवाना देशात चोरट्या शिकाऱ्यांनी मारलेल्या हत्तींवर विष घातले होते. तिथे एकाच ठिकाणी ५३७ गिधाडे मेली.

आमची शेळी

हे वाचले त्याच आठवड्यात आमची शेळी गेली. तिचे नाव चांदी. ती गाभण होती. पहाटे गोठ्याच्या मागच्या बाजूचा कूड उसकटलेला दिसला आणि उसाच्या कडेला चांदी अर्धी खाल्लेली सापडली. ओल्या मातीत बिबट्याचे ठसे होते. आई रडली. मीही रडले. चांदीला मी बाटलीने दूध पाजून वाढवले होते.

काका काही बोलले नाहीत. दुपारी ते कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली घेऊन निघाले. म्हणाले, "आज रात्री येईल तो परत. येऊ दे."

मला काय करावे कळेना. मला चांदीचे वाईट वाटत होते आणि बिबट्याचा राग पण आला होता. पण मला ती ५३७ गिधाडेही आठवत होती. मी काकांच्या मागे पळाले आणि म्हणाले, "काका, विष घालू नका. दुसरी जनावरं मरतात." काका म्हणाले, "पुस्तकातलं शहाणपण मला शिकवू नको. शेळी तुझ्या पुस्तकाची गेली का?"

मला उत्तर आले नाही. त्यांचे खरे होते. शेळी विकून माझ्या ताईची फी भरायची होती.

तेव्हा आजी ओट्यावरून म्हणाली, "आरं, पण आपला मोत्या रातभर मोकळा असतोय. त्यो काय खाणार न्हाई व्हय?"

काका थांबले. मोत्या आमचा कुत्रा. तो काकांच्या ताटातली भाकरी खातो. काका थोडा वेळ बाटलीकडे बघत राहिले. मग ती घरात माळ्यावर ठेवली. गिधाडांसाठी नाही, मोत्यासाठी ठेवली, हे मला माहीत आहे. पण ठेवली.

गुरुजींच्या सांगण्यावरून वनखात्याला कळवले. ते येऊन पंचनामा करून गेले. मग चांदीला खड्डा करून पुरले. बिबट्या त्या रात्री आला होता. ठसे होते. काही न मिळता गेला.

मसाई मुलाची गोष्ट

कात्रणांत एका मुलाची गोष्ट होती. त्याचे नाव रिचर्ड टुरेरे. तो मसाई आहे आणि नैरोबी शहराजवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहायचा. वडिलांची गुरे राखायचे काम त्याच्याकडे होते, आणि रात्री सिंह येऊन गुरे मारत. आधी त्याने आग पेटवून पाहिली. सिंहांना उलट जास्त दिसायला लागले. मग बुजगावणे लावले. पहिल्या रात्री सिंह परत गेले. दुसऱ्या रात्री त्यांनी ओळखले, की हे हलत नाही. मग एकदा तो हातात बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरला. त्या रात्री सिंह आले नाहीत. त्याला कळले, की सिंह हलत्या उजेडाला घाबरतात.

त्याने मोटारीची जुनी बॅटरी, मोटारसायकलचा इंडिकेटर चालवायची डबी आणि मोडक्या बॅटऱ्यांचे दिवे जोडले. दिवे आळीपाळीने लुकलुकू लागले. सिंहांना वाटले, कोणीतरी फिरते आहे. तेव्हा तो सुमारे अकरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एकाच वर्षाने मोठा. शेजारच्या लोकांनीही त्याच्याकडून असे दिवे लावून घेतले. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेत भाषण करायला बोलावले.

ही गोष्ट मी काकांसमोर मुद्दाम मोठ्याने वाचली. ते भाकरी खात होते. "इंडिकेटरची डबी?" एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुन्या मोटारसायकलचे सामान काढले. दिवा अजून लुकलुकत नाही, नुसताच पेटतो. बिबट्या त्याला घाबरेल का तेही आम्हाला पाहायचे आहे. पण त्याआधी काकांनी गोठ्याचा कूड काढून चारी बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळी मारली. आता रात्री सगळ्या शेळ्या आत असतात आणि मोत्यासुद्धा. दाराची कडी मी लावते. हे माझे काम आहे.

मी काय शिकले

पहिले, रानात कोणी फुकट नाही. शेणकिडा, तरस, गिधाड, सगळ्यांना काम आहे.

दुसरे, विष ज्याच्यासाठी घालतो त्याच्यावरच थांबत नाही.

तिसरे, ज्याची शेळी जाते त्याला नुसते 'बिबट्या वाचवा' म्हणून चालत नाही. त्याची शेळी कशी वाचेल तेही सांगावे लागते. मसाई मुलाने ते केले, म्हणून लोकांनी त्याचे ऐकले.

पालकांना माझी विनंती आहे. गोठ्याला जाळी मारा. जनावर मेले तर विष घालू नका, वनखात्याला कळवा. आणि पुढच्या मृगाच्या आधी 'पिऊ पिऊ' ऐकू आले, तर मुलांना बाहेर बोलावून सांगा, की हा पाहुणा आफ्रिकेतून आला आहे.

स्वाध्याय (उत्तरे पाठातच आहेत. पाहून लिहिली तरी चालेल.)

१. मसाई मारा कोणत्या देशात आहे? त्याला लागून कोणते राष्ट्रीय उद्यान आहे?
२. विल्डबीस्टची सगळी पिल्ले एकाच वेळी का जन्मतात?
३. गाईंना लस टोचल्यावर विल्डबीस्ट कसे वाचले?
४. जिराफाच्या मानेत किती मणके असतात? तुमच्या मानेत किती?
५. कारण लिहा : गिधाडाच्या मानेवर पिसे नसतात.
६. घरी विचारा : तुमच्या आजी-आजोबांनी गावात गिधाडे शेवटची कधी पाहिली? उत्तर या कागदाखाली रिकाम्या जागेत पेन्सिलीने लिहा. गुरुजींनी परवानगी दिली आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी